खुशालरावांच्या खिशातलं पान

तुमसरहून गाडी निघाली तशी निर्मलाबाईंची टकळी सुरू झाली. "त्यायच्या घरी कोनत्याच कुंडीले हात लावाचा नाई. समजलं का जी?"

"नाई लावत ना, बाप्पा! किती सांगशीन?"

"मायी शपथ घ्या."

खुशालरावांनी घेतली. बायकोची शपथ काय, नवरे घेतातच.

खुशालराव राईस मिलमध्ये फिटर. माणूस सोन्यासारखा, पण सक्युलंटचं खूळ असं डोक्यात शिरलेलं की विचारू नका. गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. मिलच्या भट्टीतलं जळकं तूस रेतीत कालवायचं, फुटक्या कपात नाहीतर आइस्क्रीमच्या डब्यात भरायचं आणि त्यात ती जाड पानांची इवलीइवली झाडं लावायची. अख्खा जिल्हा धानाचा. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी तुंबल्याशिवाय इथे पीक येत नाही, आणि हा गडी पाणी न देता झाडं वाढवतो म्हणून शेजारी हसायचे. हसोत बापडे. एक पान मिळालं की एक झाड होतं, या एका गोष्टीनं खुशालरावांना जी खुशी होई ती पगाराच्या दिवशीही होत नसे. फक्त त्यापायी कुणाच्याही घरी गेले की त्यांचे हात शिवशिवायचे. मागे मुलासाठी, मनिषसाठी, एक मुलगी पाहायला गेले, तर बोलणी टाकून हे अंगणातल्या कुंडीपाशी उकिडवे बसले, ते चहा निवला तरी उठले नाहीत. पोरीकडच्यांनी बापाचं डोकं तपासून घ्या असा निरोप धाडला आणि ती सोयरीक बारगळली.

यावेळी मात्र मनिषचाच जीव गुंतला होता. शहापूरच्या तृप्तीला त्यानं भंडाऱ्याच्या कृषी प्रदर्शनात पाहिलं होतं, चार शब्द बोलला होता, आणि तेव्हापासून पोराचं जेवणात लक्ष नव्हतं. "बाबा, एवढं एक जमू द्या," इतकंच तो गाडीत म्हणाला. आज हात बांधून बसायचं, असं खुशालरावांनी मनाशी पक्कं केलं.

तृप्तीच्या वडिलांनी, धनंजयरावांनी, "या जी, बसा जी" करत सोफ्यावर बसवलं, आणि बसवलं ते नेमकं खिडकीजवळ. खिडकीत एक कुंडी. कुंडीत एचेवेरिया जातीचं सक्युलंट. निळसर पानं गुलाबाच्या पाकळ्यांसारखी रचलेली, वर पिठीसारखा पांढुरका थर, कडा लालसर. नागपूरच्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या तरी हे वाण खुशालरावांना सापडलं नव्हतं. तृप्ती पोहे घेऊन आली, "घ्या काकाजी" म्हणाली, तेव्हा सगळे तिच्याकडे बघत होते आणि होणारा सासरा खिडकीकडे.

पोरगी फार बोलली नाही. विचारलं तेवढ्याला मान खाली घालून हो-नाही. मग धनंजयराव सगळ्यांनाच मागची विहीर दाखवायला घेऊन गेले. खुशालराव गुडघ्याचं निमित्त सांगून बसून राहिले. घर रिकामं, कुंडी समोर! सगळ्यात खालचं पान त्यांनी चिमटीत धरलं, हलकेच डावीकडे, हलकेच उजवीकडे, आणि ते बुडापासून अलगद सुटून आलं. शर्टाच्या वरच्या खिशात गेलंसुद्धा. शपथ हात न लावायची होती आणि आपण दोन बोटंच लावली, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

मंडळी परत आली ती हसतखेळत. धनंजयराव म्हणाले, "आमाले पोरगा पसंत आहे. तुमचं?"

"पसंत!" निर्मलाबाई म्हणाल्या.

"मंग या इवाई, गळाभेट होऊन जाऊ द्या!"

हे व्याही धनंजयराव म्हणजे धिप्पाड गडी, तालमीत घुमलेला. ते हात पसरून आले. या मिठीत पानाची चटणी होणार हे खुशालरावांना लख्ख दिसलं. छातीवर हात दाबून ते चक्क मागे सरकले.

धनंजयरावांचे हात तसेच पसरलेले. "काहून जी? आमचं काई चुकलं का?" तृप्तीच्या आईनं, पुष्पाबाईंनी, पेढ्यांची ताटली खाली ठेवली. मनिषचं तोंड एवढंसं झालं.

"अवो, छातीत दुखून राह्यलं का?" निर्मलाबाई घाबरल्या.

हो म्हटलं असतं तर सुटले असते. जीभ वळवळलीही. पण पोराच्या तोंडाकडे पाहिलं आणि खुशालरावांनी खिशात हात घालून पान बाहेर काढलं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं बिचाऱ्यांना.

"दुखत नाई जी. पान आहे. तुमच्या कुंडीतलं. मी चोरलो. पोराचा यात काई दोष नाई, त्याले नोका नाकारू."

निर्मलाबाईंनी पदर तोंडावर ओढला. तेवढ्यात तृप्ती पुढे आली. तिनं ते पान घेतलं, उलटं केलं आणि बूड निरखून पाहिलं.

"नखानं तोडलं?"

"छे छे! हलवून हलवून काढलो."

"बूड शाबूत आहे," ती म्हणाली आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. "येनारं-जानारं नखानं तोडून नेते, मंग सडवते. पन खिशातल्या गरमीनं हे कोमेजन. इथंच राहू द्या, मामाजी. मी लावून ठेवीन. लग्नापावतर कोंब फुटन, येतानी मीच घेऊन येईन."

मामाजी! आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. मघापासून मोठ्यांनी पसंत-पसंतचा गजर केला होता, पण ज्या पोरीचं लग्न तिला विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिनं आपलं उत्तर आपणच देऊन टाकलं. मनिषचे कान लालबुंद झाले. धनंजयराव तसेच हात पसरून उभे राहिले, आणि निर्मलाबाईंनी त्यांना वळसा घालून जाऊन पोरीलाच पोटाशी धरलं.

"अवं, हळू!" खुशालराव ओरडले. "पान आहे तिच्या हातात!"