सुतकाच्या अलीकडं

मला आता 'आली का?' म्हणून कोणी इचारू नये. गुढीपाडव्याला गाडीचा नंबर लावला, तेव्हापासून चारठाण्यात लोकांनी मला राम राम घालायचं सोडलंय. भेटलं की 'आली का?' एवढंच. हॉटेलवाला इचारतो, पोस्टमन इचारतो, ज्याच्या गाडीचं इंजिन मी खोलून बसलोय तो पन वाकून इचारतो. न्हाई आली बाबांनो. आली की तुमच्या कानालाच कळंल. चारशे सीसीची हाय ती, सायकल न्हाई.

वीस वर्षं झाली, स्टँडाजवळ माझं गॅरेज हाय. वीस वर्षं दुसऱ्याच्याच गाड्या. लग्न झालं न्हाई. म्हणजे ठरलं होतं, मोडलं. लग्नाच्या चार दिवस आधी माझी चुलती गेली, कस्तुराबाई. सुतक पडलं, तारीख पुढं गेली. तेवढ्यात पोरीकडचे म्हणले, सुरुवातच अशी झाली तर पुढचं काय सांगावं, आणि पोरगी वालूरला देऊन मोकळे झाले. तेव्हा मी सत्तावीसचा होतो, आता अडतीसचा हाय. आता गॅरेजवाल्याला पोरगी कोण देतंय? लग्नासाठी म्हणून जे ठेवलं होतं त्याच्यातच ही निळी गाडी बुक केली, पुढं ओणवं होऊन चालवायची असती ती. आई म्हणली, या वयात काय थेरं लावलीस महारुद्रा. मी म्हणलो, एक तरी नवी वस्तू माझ्या नावानं दारात येऊ दे की.

शोरूम नांदेडचं. आधी अक्षयतृतीयेला देतो म्हणले, मग नागपंचमीला, मग दसऱ्याला. फोन केला की तिथली पोरगी लय गोड बोलायची, सर, कंटेनर निघालाय. कुठून निघालाय आन कुठं चाललाय ते देवाला ठाऊक. दिवाळीपर्यंत माझा राग पन थकला. आधी भांडायचो, मग नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवायला लागलो.

त्याच दिवाळीत तात्या पडले. लिंबाजी तात्या, माझे चुलते, कस्तुराबाईचे मालक. माझा बाप मी पाळण्यात असताना गेला, मला वाढवलं ते तात्यांनीच. वय शहाऐंशी. जिंतूरच्या डॉक्टरनी तपासलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. तेव्हापासून तात्या बाजेवर. पेज दोन चमचे घ्यायचे, तिसऱ्याला तोंड मिटायचे. पाठीला जखमा झाल्या. दिवसातून तीनदा मी त्यांना कुशीवर वळवायचो. हाताला नुसती हाडं लागायची, मला लय वाईट वाटायचं.

त्यांची लेक दैवशाला गंगाखेडवरून बाटलीत गंगेचं पाणी घेऊन आली. भावकी गोळा झाली. तात्यांनी पाणी गिळलं, सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि तसेच राहिले. भावकी चहा पिऊन घरी गेली. पंधरा दिवसांनी परत तेच. कशात तरी जीव अडकलाय म्हाताऱ्याचा, असं आई म्हणायला लागली. दैवशालानं कानाशी तोंड नेऊन नातवंडांची नावं घेतली, खायला काय पाहिजे ते इचारलं, बैल इकला त्याचं वाईट वाटतंय का म्हणून पन इचारलं. तात्या मान हलवायचे, न्हाई.

पौषातली दुपार होती. घरात मी एकटाच होतो. तात्यांना कुशीवर वळवून जखमेला मलम लावायलो होतो, तर भिंतीकडं तोंड करूनच ते म्हणले, "आली का?"

माझं डोकंच फिरलं. एवढ्या गावानं इचारलं ते कमी होतं का. म्हणलो, तात्या, तुमी तरी नका सुरू होऊ.

तात्या म्हणले, "लवकर आन रं. मी लय थकलोय."

"तुमी थकलात आन गाडीचा काय संबंध?"

"मी गेलो की सुतक पडतंय. हिच्या सुतकानं तुझं लगीन गेलं. आता गाडी तरी राहू दे."

हातातलं मलम तसंच राहिलं. अडीच महिने आमी सगळे हुडकायलो होतो याचा जीव कशात अडकलाय, आन तो माझ्याच गाडीत अडकलेला. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि पोटभर रडलो. सुतकात नव्या गाडीला हळदीकुंकू लागत न्हाई, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पन त्याच्यासाठी कोणी जखमा सोसत पडून राहील, हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई.

त्याच दिवशी नांदेडला फोन लावला. ती पोरगी म्हणली, सर, अजून तीन आठवडे. तीन आठवडे म्हणजे दिवसातून तीनदा वळवायचं आणि तीनदा ते कण्हनं ऐकायचं. मी म्हणलो, ताई, माझा नंबर काढून टाका, मला गाडी नको. तिनं दोनदा इचारलं, नक्की का सर? नक्की. फोन ठेवल्यावर पहिल्यांदा हलकं वाटलं, मग गॅरेजच्या शटरला टेकून कितीतरी वेळ नुसता उभा राहिलो.

घरी येऊन तात्यांच्या बाजेवर बसलो. आई चुलीपाशी होती. मी म्हणलो, "तात्या, गाडी रद्द केली. आता कोणासाठी थांबू नका."

आईच्या हातातला चमचा खाली पडला. म्हाताऱ्या माणसाला असं बोलतेत का, म्हणली. तात्यांनी भिंतीकडं तोंड केलं. त्या संध्याकाळी पेजेचे दोन चमचे पन घेतले न्हाईत. आईनं दैवशालाला बोलावून घेतलं. दोन दिवस नुसतं पाणी. मी गॅरेज बंद ठेवलं. आता तात्या सुटतील, असं सगळ्यांनी धरलं, आणि खरं सांगतो, मी पन धरलं. त्यांचे हाल बघून मनातून मी देवाला तेच मागायलो होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दैवशालानं मला हाक मारली, तात्या तुलाच बोलवायलेत म्हणून. मी पळतच गेलो. वाटलं, हेच ते शेवटचं.

तात्यांचे डोळे उघडे होते आणि रागानं लाल झाले होते.

"कोणाला इचारून रद्द केलीस?"

मी पाण्याचा चमचा पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"नंबर लाव परत."

म्हणलो, तात्या, असं होत न्हाई. आता पुन्यांदा पहिल्यापासून रांगेत उभं राहायचं. आठ महिने म्हणतेत, आन त्यांचे आठ महिने तुमाला ठाऊकच हायेत. सोडा तो नाद.

त्यांनी हात वर घेतला. अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत मोजायला लागले, माघ, फाल्गुन, चैत, वैशाख. मधी दोनदा चुकले आणि परत पहिल्या पेरावर आले. आमी तिघं बघत उभे होतो. शेवटच्या पेरावर अंगठा थांबला तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"म्हंजी पोळा होऊन जाईल," ते म्हणले. डोळे मिटले. मला वाटलं झोपले.

मग डोळे न उघडताच म्हणले, "दैवशाले, पेज आन. वाटीभर आन."