डाग माझा की आभाळाचा?

मित्रांनो, जवळ या, पण काचेला हात लावू नका. मी एक जुना कॅमेरा आहे, वेधशाळेतल्या दुर्बिणीच्या मागे बसवलेला, आणि माणसांच्या हातांवर माझा मुळीच विश्वास नाही. ज्या कारखान्यात मी घडलो, तिथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या कामात खोट शोधायचा. तो संशयी स्वभाव माझ्या अंगात तिथेच मुरला.

दुर्बिणीवर आलो तेव्हा माझे फार कौतुक झाले. मग नवे कॅमेरे आले आणि माझ्याकडे एकच अभ्यासक उरली. तिला सगळे ताई म्हणत. तिचा नवरा माझी देखभाल करी, म्हणून तो आपोआप सगळ्यांचा भाऊजी झाला. वयाने मोठे असलेले वेधशाळेचे प्रमुख साहेबसुद्धा त्याला भाऊजीच म्हणत.

ताई एका दूरच्या दीर्घिकेच्या मागे लागली होती. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. तिच्या मध्यावरच्या कृष्णविवराजवळून तप्त कणांचा एक झोत सुसाट बाहेर पडत होता. असा झोत बहुधा आजूबाजूचा वायू तापवून उधळून लावतो, मग नवे तारे जन्मायचे कसे? पण माझ्या चित्रांत झोताच्या कडेला एक निळा डाग दिसे. ताईचे म्हणणे असे, की तिथे झोत थंड वायूच्या ढगाला घासून गेला, ढग मुठीतल्या ओल्या वाळूसारखा आवळला गेला आणि त्यातून तारे जन्मले. निळा प्रकाश त्या कोवळ्या ताऱ्यांचा. मला हे पटेना. मोडतोड करणाऱ्याने घर बांधले, असे कुणी सांगितले तर तुम्ही तरी विश्वास ठेवाल का?

साहेबांनाही पटेना. त्यांनी विचारले, "ताई, दीर्घिका दरवेळी चित्राच्या त्याच कोपऱ्यात कशी?"

"मीच आणते तिथे, साहेब. सगळी चित्रं एकावर एक नीट बसतात."

"मग काचेवरच्या घाणीत विखुरलेल्या प्रकाशाचा डागही नीट बसत असेल!"

ताईचा चेहरा उतरला. तिची वर्षानुवर्षांची मेहनत तिच्याच टापटिपीमुळे गोत्यात आली होती. साहेबांनी स्पष्ट सांगितले, डाग कॅमेऱ्याचा निघाला तर शोध मागे घ्यायचा आणि कॅमेरा भंगारात काढायचा. मला धडकी भरली. संशय घेण्याची मला सवय होती, माझ्यावर कुणी घेण्याची नव्हती.

नवराबायकोचे भांडण माझ्यासमोरच झाले.

"काच पुसायची राहिली असेल तर आत्ताच सांग," ताई म्हणाली.

"पुसलीय मी. तुला हवं तेच दिसतं, त्याला मी काय करू?"

"मग फिरव कॅमेऱ्याला."

मला सैल करून काटकोनात फिरवायचे, म्हणजे सगळी जुळणी पुन्हा आली. पण युक्ती बिनतोड होती. मी फिरलो की चित्रातली दीर्घिका आडवी होणार. डाग आभाळातला असेल, तर तो तिच्याबरोबर जाणार. माझा असेल, तर जुन्याच जागी बसून राहणार. भाऊजीने स्क्रू सैल केले. ताई मागे उभी राहून डोळ्यांत तेल घालून त्याच्या हातांकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांसमोर चित्र पडद्यावर आले. निळा डाग झोताच्या कडेला होता, दीर्घिकेबरोबर फिरलेला! ताईने टाळी वाजवली आणि हात तसेच थांबले. जुन्या जागीही एक फिकट डाग राहिला होता.

"पुसली होती गं," भाऊजी पुटपुटला. "कोपरा सोडून."

"म्हणजे निम्मा डाग तुझ्या काचेचा." ताईचे डोळे भरून आले. "साहेब, माझा शोध निम्माच उरला."

साहेबांनी पडद्याजवळ जाऊन दोन्ही डाग निरखले. "निम्मा, पण खरा," ते म्हणाले. "काल तो अख्खा होता, तेव्हा मी त्याला मान्यता दिली नसती. आज देतो."

त्याच दुपारी भाऊजीने माझी काच कोपऱ्यांसकट पुसली. ताई शेजारी उभी होतीच. उधळणारा झोत तारे घडवूही शकतो, हे मलाही मुकाट्याने मानावे लागले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांवर, मोठ्यांच्या बोलण्यावर, स्वतःच्या आवडत्या कल्पनेवरसुद्धा संशय जरूर घ्या. पण संशय घेऊन हात झटकू नका, तपासण्याचे कष्टही घ्या. त्या दिवशी मला न तपासताच भंगारात टाकले असते, तर माझ्या काचेवरच्या घाणीबरोबर ताईचे खरे तारेही फेकले गेले असते.