पहिला शेजारी

उत्तर जर्मनीतल्या ब्रूकेनफेनात बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर गावकरी सांगतात, "कालव्याच्या पुलावर जा, तिथून पुढचं गाव दिसतं." इतकंही वाईट नाही हो गाव. चहूकडे सपाट दलदलीची जमीन, तिच्यातून रेघ मारल्यासारखा गेलेला कालवा, लाल विटांचं चर्च, पाती गळून गेलेली पवनचक्की आणि माळावर मांडलेले ते अजस्र दगड. ते राक्षसांनी मांडले असं म्हातारे सांगायचे. राक्षसांनाही इथे दुसरा उद्योग नव्हता, एवढंच त्यावरून कळतं.

चक्कीच्या पलीकडे, गाव संपतं तिथे, समोरासमोर दोनच घरं आहेत. एकात हार्म वोल्बर्स राहायचा. वय त्र्याऐंशी, बायको फेन्ना जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. समोर लाम्बर्ट होता, तोवर हार्मला काळजी नव्हती. लाम्बर्ट त्याचा पहिला शेजारी होता, आणि हार्म लाम्बर्टचा.

पहिला शेजारी म्हणजे नुसता जवळ राहणारा नव्हे. घरात बाळ जन्मलं की पहिली बातमी त्याला. कुणी गेलं की घरातलं घड्याळ थांबवायचं त्याने, खांदेकरी जमवायचे त्याने, आणि काळा कोट घालून दारोदार निरोप सांगायचा तोही त्यानेच. रोज सकाळी समोरच्या खिडकीच्या झडपा उघडल्या का, हे बघणंही त्याच्याचकडे. फेन्ना गेली तेव्हा लाम्बर्टने सगळं केलं. लाम्बर्ट गेला तेव्हा हार्मने केलं. मग लाम्बर्टच्या मुलांनी घर विकलं आणि कोलोनहून केसलर मास्तर आले. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, सोबत बायको गुडरून.

आता रीत अशी की नव्याने आलेल्या माणसाने चांगला कोट घालून जुन्याच्या दारी जायचं आणि "माझे शेजारी व्हाल का?" असं विचारायचं. जुन्याने आपण होऊन विचारणं म्हणजे अगदीच लाज सोडल्यासारखं. हार्म वाट बघत बसला. पहिला महिनाभर तर रोज दाढी करून बसला. मास्तर आले नाहीत. तीन वर्षं आले नाहीत.

म्हणजे कुंपणाशी यायचे, रोज यायचे. हातात नकाशा, गळ्यात कॅमेरा.

"काय हो वोल्बर्स, हा कालवा खणला कुणी?"

"आमच्या आजोबा-पणजोबांनी. हातांनी."

"आणि खायचे काय तेव्हा?"

"कुट्टूची धिरडी. सकाळी धिरडी, दुपारी धिरडी, आणि रविवारी बदल म्हणून धिरडी."

मास्तर पोटभर हसायचे. त्यांनी दगड मोजले, चर्चच्या घंटेचं वय विचारलं, दलदलीतून कापून जळणासाठी वाळवलेल्या मातीच्या विटा चुलीत कशा जळतात ते विचारलं. हार्म सगळं सांगायचा. एवढं विचारतोय, तर एक दिवस तेही विचारेल, या आशेवर सांगायचा. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य त्याच्या तोंडून निघेना. हट्ट म्हणा, लाज म्हणा. त्या भागात दोन्ही एकाच खुंटीला टांगलेली असतात.

चौथ्या वर्षीच्या सप्टेंबरात मास्तरांनी चर्चसमोर गावाच्या माहितीचा मोठा फलक उभा केला. सगळं गाव जमलं, म्हणजे चाळीसेक माणसं. मास्तरांनी फलक मोठ्याने वाचून दाखवला. दगड झाले, कालवा झाला, चक्की झाली. शेवटी ते म्हणाले, "आणि पूर्वी इथे पहिल्या शेजाऱ्याची एक सुंदर प्रथा होती. आता अर्थात ती राहिली नाही."

खानावळीचा आल्विन हार्मला कोपर मारून म्हणाला, "ऐकलंस का हार्म? तू इतिहासात जमा झालास! त्या दगडांशेजारी जाऊन उभा राहा, तिकीट लावू."

सगळे हसले. हार्मही हसला. मग समारंभाचा केक न खाता घरी आला आणि कोट न काढता खुर्चीत बसून राहिला. त्याला फार एकटं वाटलं. फेन्ना गेली त्या आठवड्यातसुद्धा इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा दारात लाम्बर्ट होता.

नोव्हेंबरात एके सकाळी समोरच्या झडपा उघडल्या नाहीत.

हार्मने कॉफी घेतली. झडपा बंद. त्याने कोंबड्यांना दाणे टाकले. बंदच. आपल्याला कुणी विचारलंय, असं तो मनाशी म्हणाला. न विचारता दुसऱ्याच्या झडपांकडे बघणं म्हणजे चोंबडेपणा. मग त्याला वाटलं, दोघं कोळशाच्या धुराने गुदमरली असतील. मग वाटलं, नसतील. दुपारपर्यंत असं चाललं. शेवटी तो रस्ता ओलांडून गेला, घंटा वाजवली, दार ठोठावलं, आणि अंगणात पडलेल्या लाकडाने स्वयंपाकघराची काच फोडून त्र्याऐंशीव्या वर्षी खिडकीतून आत उतरला. तळहात चांगलाच कापला.

"मास्तर! बाई!"

घरात कुणी नव्हतं. पलंग नीट आवरलेले होते. लाम्बर्टची चूल होती तिथे पांढरी कपाटं आली होती. हार्म तिथल्याच एका स्टुलावर बसला. हातातून रक्त गळत होतं आणि आपण कुणाच्या घरात बसलोय, हे त्याला थोडा वेळ उमजेना.

मास्तर आणि बाई रविवारी परतले. मुलीची गाडी त्यांना त्या दिवशी पहाटेच घेऊन गेली होती, नातवाच्या वाढदिवसाला. खिडकीला पुठ्ठा ठोकलेला बघून मास्तर थेट हार्मकडे आले.

"वोल्बर्स, आमच्याकडे चोर आला होता बहुतेक!"

"चोर नव्हे. मी."

हार्मने पट्टी बांधलेला हात पुढे केला आणि झडपांचं सांगितलं. मास्तर ऐकत राहिले.

"पण ती प्रथा तर... मला वाटलं बंद झाली."

"हो, तुम्ही फलकावर तसं लिहिलंयत."

"अहो, मग तीन वर्षांत एकदा सांगायचं नाही का?"

"सांगायचं नसतं. नव्या माणसाने विचारायचं असतं."

मास्तरांनी टोपी काढली. त्यांना फार वाईट वाटलं, ते तोंडावर दिसत होतं. "विचारलं असतं हो. आजही विचारलं असतं. पण आम्ही चाललोय. गुडरूनला हे धुकं सोसत नाही. मार्चमध्ये मुलीजवळ राहायला जाणार. घर एका डच माणसाने घेतलंय, सुट्टीतले पाहुणे ठेवायला."

सुट्टीतले पाहुणे म्हणजे दर आठवड्याला नवी माणसं. हार्मने कपाटातून धान्याच्या दारूची बाटली काढली, दोन छोटे पेले भरले, आणि जे कोणताही जुना माणूस करत नाही ते केलं.

"मार्चपर्यंत तरी माझे शेजारी व्हाल का, मास्तर?"

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं, पेला उचलला आणि एका घोटात संपवला. "होईन. काय काय करायचं सांगा."

"सकाळी माझ्या झडपा बघायच्या. उघडल्या नाहीत तर काच फोडू नका, दार उघडंच असतं. आधी घड्याळ थांबवायचं. मग घरोघरी सांगायला जायचं. आल्विनकडे सगळ्यात शेवटी जा, तो बोलत बसवतो. खांदेकरी सहा लागतात. काळा कोट आहे ना?"

"आहे." मास्तरांनी रिकामा पेला टेबलावर ठेवला. "आणि मार्चनंतर?"

"बघतो," हार्म दुसरा पेला भरत म्हणाला, "त्याच्या आत उरकायला."

मास्तर हसायला गेले, पण हार्म हसत नव्हता.