बंद नाकांनी भाजलेलं मटण

मुलांनो, एक काम करा. दोन बोटांनी नाक घट्ट धरा. श्वास तोंडानं घ्या, उगाच कोणी गुदमरून घेऊ नका. आता अशी कल्पना करा, की तुम्ही स्वयंपाकघरात उभे आहात, ओव्हनमध्ये मटण भाजतंय, अख्ख्या इमारतीला त्याचा वास गेलाय आणि तुम्हाला मात्र काहीच पत्ता नाही. कळलं कसं वाटतं ते? मग सोडा बोटं. तुमचं नाक परत आलं. या गोष्टीतल्या मामानं नाक धरलंच नव्हतं, त्यामुळे त्याला ते सोडायची सोय नव्हती.

हा मामा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि एकटा राहायचा. थंडीत त्याला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. वास परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. कधी, असं विचारल्यावर त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मामाच्या खालच्याच मजल्यावर त्याची धाकटी बहीण राहायची आणि तिची मुलगी भिंगरी. भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे, पण तिला एका जागी बसलेलं पाहिलेला माणूस इमारतीत नव्हता. एकदा मामा नासलेल्या दुधाची कॉफी पीत होता आणि भिंगरीनं ते पाहिलं.

"आज छान दाट झालीय," मामा म्हणाला.

"मामा, दूध फाटलंय. मला दारातूनच वास आला."

मामानं कपात पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. "तुझ्या मोठ्या मावशीला सांगू नकोस," तो म्हणाला.

मोठी मावशी म्हणजे मामाची थोरली बहीण. ती हॉस्पिटलात एक अख्खा वॉर्ड सांभाळायची. तिच्या वॉर्डात खोकायच्या आधी लोक तिच्याकडे बघून घेत. तिचं म्हणणं सरळ होतं: ज्याला वास येत नाही, त्याला गॅस सुटलेला कळत नाही, आणि ज्याला गॅस सुटलेला कळत नाही, त्यानं एकटं राहू नये. तिनं आपल्या घरी मामासाठी एक खोली रंगवूनही ठेवली होती. खोली चांगली होती, पण मामानं तिच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नव्हतं आणि मावशीच्या घरी सगळं उकडून खायचे. मीठसुद्धा उकडत असतील, असं मामाचं मत होतं. त्याला जगात दोनच गोष्टी मनापासून आवडायच्या: बंद पडलेली लिफ्ट आणि पेटलेली चूल.

"येतोय ताई, वास परत येतोय," तो मावशीला फोनवर सांगायचा. "थोडा थोडा."

"असं का?" मावशी एके दिवशी म्हणाली. "मग या रविवारी मी जेवायला येते. मटण भाज. पूर्वी भाजायचास तसं. जमलं तर राहा तिथेच सुखानं. नाही जमलं तर बॅग भर."

मामानं फोन ठेवला आणि भिंगरीला हाक मारली. "भिंगरे, तुझं नाक कसं आहे?"

"समोर आहे," भिंगरी म्हणाली. "का?"

अशी भिंगरीला नाकाची नोकरी लागली.

शनिवारी सकाळी दोघं खाटकाकडे गेले. मामानं वाटेतच शिकवून ठेवलं होतं. भाजायला मागची मांडी घ्यायची, अख्खी, हाडासकट. हाड आतून शेकतं आणि मांस कोरडं पडू देत नाही. मांस गुलाबीकडे झुकणारं लाल हवं, चरबी पांढरी आणि घट्ट. चरबी पिवळी असली, तर जनावर म्हातारं असतं. बोटानं दाबलं, की खड्डा पडून लगेच भरून यायला हवा.

"आणि वास?" भिंगरीनं विचारलं.

"ते तूच सांगायचं. मी काय बोलणार?"

खाटकानं एक मांडी काढून लाकडी ठोकळ्यावर ठेवली. भिंगरीनं ठोकळ्याच्या कडेला हनुवटी टेकवली आणि जोरात श्वास ओढला. खाटकाचा सुरा हातातच राहिला.

"काय गं ए, फुलं आहेत का ती?"

"काका, याला भिजलेल्या स्वेटरचा वास येतोय."

रांगेतल्या एका बाईनं आपली पिशवी उघडून आत नाक घातलं. खाटकानं ती मांडी घाईघाईनं बाजूला केली आणि आतून दुसरी आणली. ही लहान होती, हाड बारीक होतं. मामानं बोट दाबलं. खड्डा भरून आला. भिंगरीनं वास घेतला, पुन्हा घेतला.

"हिला कसलाच वास नाही. म्हणजे, अगदी थोडा. चमच्यासारखा."

"हीच द्या," मामा म्हणाला. "ताज्या मटणाला वास जवळजवळ नसतोच. त्या बाबतीत ते माझ्यासारखं."

"उद्या पण घेऊन येणार का हिला?" खाटकानं भिंगरीकडे बोट दाखवून विचारलं.

"रविवारी तिला सुट्टी असते," मामा म्हणाला.

घरी आल्यावर मामानं मटण पिशवीतून लगेच बाहेर काढलं. प्लॅस्टिकमध्ये ते स्वतःच्याच पाण्यात बसतं आणि बुळबुळीत होतं. त्यानं ते धुतलं नाही, कोरड्या कागदानं टिपून घेतलं. मग सगळीकडून मीठ चोळलं, सुरीच्या टोकानं भोकं पाडली आणि प्रत्येक भोकात लसणाची एकेक चीर बसवली. एका ट्रेवर जाळी, जाळीवर मांडी, आणि ट्रे फ्रिजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात.

"खाली का?" भिंगरीनं विचारलं.

"पाणी सुटून ठिबकलं, तर ट्रेमध्ये ठिबकेल. वर ठेवलं, तर खालच्या पुडिंगवर ठिबकेल. तुला मटणाचं पुडिंग आवडतं का?"

भिंगरीनं फ्रिजमध्ये पुडिंग आहे का, ते पाहिलं. नव्हतं.

त्या दिवशी ती सारखी वर येत राहिली. यायचं, फ्रिज उघडायचा, आत डोकं घालायचं, वास घ्यायचा. "ठीक आहे," असं मामाला सांगायचं आणि जायचं. नोकरी म्हणजे नोकरी. रविवारी सकाळी ती उठली ती शिंकतच. फ्रिजमध्ये डोकं घातल्यानं सर्दी होत नाही, हे मला माहीत आहे. भिंगरीच्या आईला माहीत नव्हतं. तिनं अर्धा तास त्यावर भाषण केलं आणि गरम पाण्याचं पातेलं नि टॉवेल पुढे आणून ठेवला.

वाफ घेणं ही भिंगरीच्या दृष्टीनं शिक्षा होती, आणि तीही गुन्हा न करता मिळालेली. आई टॉवेल उलगडत होती, तेवढ्यात ती जिन्यावर पोचलीसुद्धा.

वर मामा खांद्यावर फडकं टाकून तयार होता. खांद्यावरचं फडकं हा त्याचा स्वयंपाकाचा गणवेश होता. मटणाची थंडी जावी, म्हणून ते त्यानं आधीच बाहेर काढून ठेवलं होतं.

"या नाकबाई," तो म्हणाला. "बघा जरा, रात्रभरात कसं झालंय."

भिंगरीनं वास घेतला. मग मामाकडे पाहिलं. तिला मामा म्हणायचं होतं, पण तोंडातून "बाबा" निघालं.

मामा स्टुलावर बसला.

"काहीच येत नाही?"

भिंगरीनं मान हलवली. आता त्या स्वयंपाकघरात दोन माणसं होती आणि चालू नाक एकही नव्हतं. मामानं खिडकीतून रस्त्याकडे पाहिलं. मग तो बॅग कुठे ठेवली आहे, ते आठवू लागला. माळ्यावर होती.

"बाबा," भिंगरीनं नाक पुसत विचारलं, "लिफ्ट बिघडली, की तू तिचा वास घेतोस का?"

"वास कशाला घेईन? ऐकतो. हात लावून बघतो."

"मग?"

मामानं खांद्यावरचं फडकं नीट केलं. मग त्यानं उठून ओव्हन लावला.

आधी आच मोठी ठेवली, वरून रंग धरावा म्हणून. दोघांनी ओव्हनपुढे जमिनीवर बसकण मारली आणि कान लावले. आधी नुसतं सूं सूं ऐकू आलं.

"हे पाणी," मामा म्हणाला. "मटण वरून सुकतंय. बोलू नकोस."

मग त्यात चुरचुर मिसळली.

"ही चरबी. वितळायला लागली. आता आच कमी." त्यानं बटण फिरवलं. "आवाज असाच गप्पा मारल्यासारखा चालू राहिला पाहिजे. तडतड करून भांडायला लागला, की ट्रे करपतोय असं समजायचं. पेंगायला लागला, तर आच कमी पडतेय."

भिंगरी ऐकत बसली. इतका वेळ ती एका जागी बसलेली पाहायला आई तिथे नव्हती, हे वाईट झालं. मध्ये एकदा ती म्हणाली, "भांडतंय." मामानं ओव्हन उघडला, ट्रेमध्ये थोडं पाणी घातलं आणि खालचा रस चमच्यानं मांडीवर ओतला. भांडण मिटलं.

शेवटी मामानं एक लांब बारीक सळई मांडीच्या सगळ्यांत जाड भागात, हाडाला लागणार नाही अशी खुपसली, थोडी थांबून बाहेर काढली आणि तिचं टोक मनगटाला लावलं.

"गार लागलं, तर आत कच्चं. कोमट लागलं, तर अजून थांबायचं. हे बघ, गरम आहे. आणि भोकातून येणारं पाणी लाल नाही. झालं."

"खायचं?"

"अजिबात नाही. आत्ता कापलं, तर सगळा रस फळीवर जाईल आणि आपल्याला चोथा उरेल. जरा झाकून ठेवायचं आणि त्याच्याकडे पाठ करायची. हे सगळ्यांत अवघड."

पाठ करून मामानं ट्रेमधला रस पातेलीत काढला आणि आटवायला गॅसवर ठेवला. तेवढ्यात बेल वाजली. मामा गर्रकन वळला. त्याच्या पाठीवर लोंबणारं फडक्याचं टोकही त्याच्याबरोबर वळलं, जाताना ज्योतीला भेटून गेलं.

मामानं दार उघडलं. मोठी मावशी उंबऱ्यात उभी राहिली आणि तिनं हवा नाकात ओढली.

"मटणाचा वास काय सुटलाय रे!" ती म्हणाली. "खालपर्यंत येतोय. अगदी पूर्वीसारखा."

मामानं भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीनं मामाकडे पाहिलं. आपण काय केलंय, ते दोघांनाही आत्ता कळत होतं.

"आणि चिंधी कुठे जळतेय?" मावशीनं विचारलं.

"चिंधी?" मामा म्हणाला. "नाही बुवा."

"वळ."

मामा वळला. फडकं पाठीवर धुमसत होतं आणि शर्टालाही त्यानं सोबत घेतलं होतं. मावशीनं टेबलावरचा पाण्याचा जग उचलला आणि मामावर रिकामा केला. मग गॅस बंद केला, मामाची पाठ तपासली, भाजलं नाही अशी खात्री करून घेतली आणि हात धुऊन जेवायला बसली.

मटण सुरीखाली लोण्यासारखं कापलं जात होतं. मावशीनं एकदा वाढून घेतलं, परत घेतलं, मग हाडही आपल्याच ताटात ओढलं. मामा ओल्या शर्टात बसून पाव तोडत होता.

"मटण पास," मावशी शेवटी म्हणाली. "तू नापास. येतोय म्हणे थोडा थोडा! स्वतः पेटलास तरी पत्ता नाही तुला. आणि काय गं, तू इथेच होतीस ना?"

"बाझं डाक बंद आहे," भिंगरी म्हणाली. "आब्ही ऐकूड भाजलं."

"मी घंटा बसवून घेतो," मामा म्हणाला. "गॅस सुटला की वाजणारी. मला येते बसवता."

"बसवच. पण घंटेला नासलेलं दूध कळत नाही. जळकं फडकं कळत नाही." मावशीनं हाड ताटात ठेवलं. "चूल पेटेल, तेव्हा घरात एक चालू नाक हवं. ते रोज कुठून आणणार आहेस?"

मामानं भिंगरीकडे बोट केलं.

"पोर आहे ती, ठोंब्या! आज सर्दी, उद्या खेळ, परवा विसरली. तिच्या भरवशावर तुला सोडून जाऊ?"

मावशी उठली आणि दारात बसून चपला चढवायला लागली. तिचा विचार करायचा वेळ तेवढाच असायचा. मामा काय करावं ते न सुचून स्वयंपाकघरात गेला. त्याला काही सुचलं नाही, की तो कॉफी ठेवायचा. त्यानं पातेली ठेवली आणि गॅस पेटवला.

भिंगरी त्याच्या मागोमाग गेली. तिनं हात पुढे करून बटण फिरवलं आणि गॅस बंद केला. मग ओट्यावरचा लायटर उचलून फ्रॉकच्या खिशात टाकला.

"ए! ताईचं नाक आहे अजून घरात," मामा म्हणाला.

"ती डिघाली," भिंगरी म्हणाली. "आडि बाझं बंद आहे. आज चूल डाही."

"एक कप फक्त."

"डाही म्हटलं डा!"

दारात एक चप्पल पायात आणि एक हातात अशी मावशी बसली होती. तिनं ते सगळं ऐकलं होतं.

"तुझ्यासाठी रंगवलेल्या खोलीत मी शिवणयंत्र ठेवते," ती म्हणाली आणि तिनं दुसरी चप्पल घातली.

मामाला ते समजायला थोडा वेळ लागला. तोवर भिंगरी तिथे नव्हतीच. ती धडधडत जिना उतरून खाली गेली, तिनं आईला पाणी गरम करायला लावलं, खिशातला लायटर काढून मांडीखाली ठेवला, टॉवेल स्वतःच्या हातानं डोक्यावर ओढला आणि वाफेवर नाक धरलं.