पाचपैकी पाच

“पाच लिवा,” चंपाबाई म्हणाली.

“अवं बाई, पयले प्रश्न तं आयका,” नागोराव म्हणाले.

“आयकते ना. वाचा तुमी. पर लिवा पाचच.”

डाळ मिलच्या ओट्यावर तुरीची टरफलं उडत होती. नागोरावांनी चष्म्यावरची दोन टरफलं फुंकून काढली आणि सरकारी आवाज लावला. हा आवाज त्यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत कमावला होता. “तुमच्यासोबत काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेवर तुमचा किती भरवसा आहे? अजिबात नसेल तर एक. पूर्ण असेल तर पाच.”

चंपाबाईनं पाची बोटं पसरून दाखवली आणि पुन्हा सूप हाती घेतलं. प्रश्न चोवीस होते, बाईनं चोवीसही वेळा हात पसरला. शेवटी एकेक अक्षर सावकाश काढत तिनं खाली दस्तखत केली. हा बासष्टावा आणि शेवटचा कागद होता.

नागोराव तेलंगणात, महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या गुडीहत्नूरला एका सरकारी ऑफिसात अटेंडर, म्हणजे शिपाई होते. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि बारा किलोमीटर आत असलेल्या आपल्या गावी येऊन बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले. सकाळी दहा वाजले की त्यांचे पाय उगाच चुळबुळत. अशात मुलीनं, मैत्रीनं, हे काम दिलं आणि नागोरावांना जणू नोकरीच परत मिळाली.

मैत्री हैदराबादला पीएच.डी. करत होती. वेगवेगळ्या संस्था एकमेकींचा हात धरून एक धंदा कसा चालवतात, हा तिचा विषय. त्याचा नमुना तिच्या गावातच होता. शेतकऱ्यांची कंपनी तूर आणायची, बायकांच्या गटांची मिल तिची डाळ करायची आणि हैदराबादची एक कंपनी पाकिटं भरून ती विकायची. या तिघांचं आपसात कसं जमतं, कोण कोणाला विचारतं, कोणाचा कोणावर किती भरवसा, हे सभासदांकडून लिहून घ्यायचं होतं. मैत्रीला तिकडे शिकवण्याचे तास असल्यानं वारंवार येणं जमत नव्हतं. नागोराव म्हणाले, “मी हाय ना!”

मग रोज इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, खांद्याला ऑफिसची जुनी पिशवी. दहाला निघायचे, पाचला परत. मैत्रीची आई म्हणायची, “रिटायर झाले का दुसऱ्यांदा लागले?” नागोराव नुसते हसायचे. खरं सांगायचं तर त्या पंधरा दिवसांत ते फार सुखात होते.

आणि मैत्री आली. दुपारभर तिनं कागदांवरचे आकडे लॅपटॉपमध्ये भरले. सुरुवातीला गुणगुणत होती, नंतर गप्प झाली. मग ती अंगणात जाऊन आपल्या गाईड मॅडमशी बराच वेळ फोनवर बोलली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

“बाबा, सगळे पाच हायेत.”

“मंग? चांगलंच हाय ना!”

“चांगलं कसं? बासष्ट मानसायचं एकच मत असते का कधी? मॅडमले वाटून राह्यलं, का मी घरी बसून भरले हे कागद.”

नागोरावांच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. “तू भरले? मी दारोदार फिरलो, बेटा. लोकायच्या दस्तखती हायेत खाली.”

“त्यायनं काई होत नाई. दहा दिवसांत नवी माहिती नाई देली तं माहं वर्ष गेलं. फेलोशिप बी गेली.” तिनं लॅपटॉप मिटला. “तुमी सांगतलं काय होतं लोकायले?”

“काय सांगनार? हेच, का पोरीचा पेपर हाय, भरून द्या.”

बोलता बोलता नागोरावांना फकिरा आठवला. गावात फकिरा असा माणूस, की लग्नात जिलबी खाऊन मीठ कमी आहे म्हणेल. त्याला जन्मात कोणाचं काही पटलेलं नाही. “फकिरानं बी पाचच देले,” ते हळूच म्हणाले आणि पेला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी चंपाबाईचं घर गाठलं. ती अंगणात तूर वाळत घालत होती.

“बाई, खरं सांगजा. काऊन देले सगळे पाच?”

चंपाबाई गोंधळली. “मंग कमी देऊ का? पोरगी आपली, परीक्षा तिची. मी तिले नापास करू?”

“अवं, ते नंबर पोरीले नोवते! हैदराबादच्या कंपनीले होते, शेतकऱ्यायच्या कंपनीले होते!”

“कंपनीले कोन पाच देते, बाप्पा?” चंपाबाई हसली. पण नागोरावांचा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. तिनं पदरानं हात पुसले आणि त्यांच्यासाठी बाज पुढे ओढली.

“भाऊ, तुमाले आठवते का नाई, मालूम नाई,” ती म्हणाली. “आमच्या घरचे गेले त्या साली एक कागद आला होता. सारा तेलुगूत. मले वाटलं, जप्तीचाच हाय. तीन मैने तांदळाच्या डब्यात दडवून ठेवला. भात शिजवाले डबा उघडो, तं जीव धडधड करे. मंग तुमी आले, वाचला, अन् सांगतलं, का बाई, तुही पेन्शन मंजूर झाली. मी चहा ठेवला तं तुमी घेतला बी नाई. आनखी तीन घरचे कागद वाचाचे हायेत म्हने.”

नागोरावांना खरोखरच आठवत नव्हतं. असे कागद त्यांनी किती वाचले असतील! गावातली निम्मी माणसं मराठीच वाचणारी आणि ऑफिसचं पत्र यायचं तेलुगूत. दर रविवारी ते गावी येत, तेव्हा सकाळीच लोक कागद घेऊन त्यांच्या दारात बसत. कोणाची दरखास्त फेटाळलेली असे, कोणाच्या पोराला हॉस्टेल मिळालेलं असे. नागोराव वाचून सांगत आणि विसरून जात.

“इतक्या वर्सांत तुमी आमच्या दारात काई मांगाले आले नाई,” चंपाबाई म्हणाली. “पयल्यांदा आले, ते पोरीसाठी नंबर मांगाले आले. पाचाच्या वर असतं तं ते बी देलं असतं, भाऊ.”

आज नागोरावांनी बाजेवर बसून चंपाबाईचा चहा घेतला, चांगला दोन वेळा घेतला.

मग दोन दिवस ते पुन्हा घरोघर फिरले. पिशवी नाही, पेन नाही. प्रत्येक दारात एकच सांगणं: “माह्यावर उपकार करा. परवा मैत्री येईन, तिले जे हाय ते सांगा. कमी देल्यानं पोरगी नापास होत नाई. खोटं देल्यानं होते.” लोक मान डोलवत, पण त्यांना ते पटत होतं की नाही, कळत नव्हतं. काही जणांना वाईटही वाटलं. आपण दिलेलं परत केल्यासारखं त्यांना वाटलं असावं.

फकिरानं मात्र नीट चौकशी केली. “एक बी चालते?”

“चालते.”

“झीरो?”

“झीरो नाई त्याच्यात.”

फकिरा हिरमुसला.

तिसऱ्या दिवशी मैत्री निघाली. नागोरावांनी सवयीनं इस्त्रीचा सदरा अंगात घातला, तेव्हा ती दारात थांबली. तिला बोलायला जड गेलं.

“बाबा, आज तुमी नका येऊ. तुमी समोर असले तं ते...”

“व्हय, व्हय. मी कायले येतो?” नागोराव घाईनं म्हणाले. “पान्याची बाटली तेवढी आनून देतो.”

बाटली देऊन झाल्यावर घरी जावं, तर पाय निघेना. मिलच्या समोर, रस्त्यापलीकडे हातपंप आहे. त्याच्या कट्ट्यावर ते बसले. मिलच्या ओट्यावर मैत्री एकेकाला समोर बसवून प्रश्न विचारत होती. पहिली बाई उत्तर देण्याआधी मान वर करून पंपाकडे बघायची. दुसरीचंही तेच. नागोरावांच्या ते ध्यानात आलं. ते उठले, कट्ट्याच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि मिलकडे पाठ करून बसले.

समोर कपाशीचं शेत होतं. ते बघत त्यांनी दुपार काढली. मागून शब्द येत नव्हते, नुसती कुजबुज येत होती. एकदा फकिराचा आवाज चढला आणि बराच वेळ चढलेलाच राहिला. नागोरावांना फार बरं वाटलं.

ऊन उतरताना चंपाबाई रस्ता ओलांडून आली. पंपाशी उभी राहिली, पण त्यांच्याकडे बघेना.

“भाऊ, राग नोका धरू. त्या हैदराबादवाल्या कंपनीले मी दोन देले. गाडी कवा येनार ते सांगत नाई, काई ठरवलं तं आमाले इचारत नाई. शेतकऱ्यायच्या कंपनीले चार.” ती थांबली. “तिच्यासमोर दोन म्हनाले लय जीवावर आलं.”

नागोराव उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. “लय मोठं काम केलं, बाई,” ते म्हणाले.

चार दिवसांत सगळे कागद पुन्हा भरून झाले. त्यात दोन होते, तीन होते, चार होते. फकिराचे सगळे एक होते आणि मागच्या कोऱ्या बाजूवरही त्यानं तक्रारी लिहवून घेतल्या होत्या. गाईड मॅडमचा फोन आला तेव्हा मैत्री आईला मिठी मारून रडली. वर्ष वाचलं होतं.

हैदराबादला जायच्या सकाळी ती पसारा आवरत होती. जुन्या बासष्ट कागदांचा गठ्ठा कोपऱ्यात पडला होता. “हे चुलीले होतीन,” आईनं हात पुढे केला.

“थांब,” मैत्री म्हणाली. तिनं गठ्ठा मांडीवर घेतला आणि एकेक कागद उलटून पाहिला. पाच, पाच, पाच. खाली दस्तखती, काही ठिकाणी अंगठे. “बाबा, हे खोटं नाई,” ती म्हणाली. “माह्या प्रश्नाचं उत्तर नाई, एवढंच.”

नागोरावांनी लोखंडी पेटी उघडली. आत त्यांचा रिटायरमेंटचा हुकूम होता, तेलुगूत, साडेतीन ओळींचा. मैत्रीनं गठ्ठ्याला सुतळी बांधून दिली. नागोरावांनी तो दोन्ही हातांनी घेतला, हुकुमाच्या वर ठेवला आणि पेटीचं झाकण लावलं.

मग पिशवी उचलून ते मुलीला बसवर सोडायला निघाले. वाटेत चंपाबाईच्या दारात चहा घ्यायचा होता.