कातळावरचं फूल आणि माझा गुडघा

उजाडायच्या आतच टेकडीवर रांग लागायची. कुणी काठी टेकत चढायचं, कुणी लेकीच्या खांद्याचा आधार घेत. वर कातळाच्या सपाट माथ्यावर फुलबाबा बसलेला असे. एका बाजूला पाण्याची घागर, दुसऱ्या बाजूला जांभळ्या फुलांची टोपली. माणूस समोर आला की बाबा घागरीत बोटं बुडवायचा, एक फूल दुखऱ्या सांध्यावर ठेवून हलकेच चोळायचा आणि डोळे मिटायचा. बघता बघता जांभळं फूल हिरवं व्हायचं.

"दुखणं हिरवंच असतं," बाबा सांगायचा. "आत असतं म्हणून दिसत नाही. फुलानं ते ओढून घेतलं. तुम्ही सुटलात."

या रांगेत मीही होतो. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. अंधश्रद्धेवर भाषण हवं असलं की लोक मलाच बोलावतात, आणि बोलावलं नाही तरी मी देतो. त्यामुळे मी तिथं उभा होतो तो अर्थातच निरीक्षण करायला. गुडघा दुखत होता हा निव्वळ योगायोग.

माझ्या गुडघ्यावरचं फूलही हिरवं झालं. मी उतरलो तो हलका होऊन. मग रोज निरीक्षणाला जायला लागलो, आणि गुडघा खरोखरच कमी दुखायला लागला.

माझी बायको डॉक्टर आहे. तिला मी समजावून सांगितलं की या झुडपात एखादं अज्ञात संयुग असणार, बाबाला ते कळत नाही पण काम करतं. बाबा प्रत्येक रोग्याआधी हात धुतो, असं त्याच्या स्वच्छतेचं कौतुकही केलं. ती पेशंटचे रिपोर्ट वाचत होती. तिनं चष्म्यावरून बघितलं आणि पुढचा रिपोर्ट उघडला. स्टाफरूममध्ये मी म्हणालो की यावर संशोधन व्हायला हवं. त्याच आठवड्यात टेकडीवरच्या भोंग्यातून घोषणा सुरू झाली: खुद्द केमिस्ट्रीच्या सरांनी मानलंय. रांग पायथ्यापर्यंत आली.

एका दुपारी वनस्पतिशास्त्राच्या मॅडम प्रयोगशाळेत आल्या. आमची जुजबी ओळख होती; मी त्यांना मनातल्या मनात 'झुडूपबाई' म्हणत असे, कारण त्या सुट्टीतही टेकडीवर गुडघे टेकून काहीतरी मोजत असायच्या. त्या बसल्या नाहीत. सांगायला लागल्या की हे झुडूप, कातळी, उभ्या मुलखात फक्त याच टेकडीवर उरलंय. कातळाच्या भेगांत साठलेल्या चिमूटभर मातीत ते जगतं. त्यांनी कॉलेजच्या बागेत सुपीक मातीत लावून पाहिलं, तर सगळी रोपं कुजली. फुलतं ते कितीतरी वर्षांनी एकदाच, आणि या वर्षी फुललंय. फुलं तोडली की बी नाही, बी नाही तर पुढची झुडपं नाहीत. पायथ्याकडचा सगळा उतार बाबाच्या टोपलीत गेला होता, आता लोक फांद्याच मोडून घरी नेत होते.

मी संयुगाबद्दल बोलायला लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर," त्या म्हणाल्या, "जांभळी पाकळी कशानं हिरवी होते, हे तुम्ही दरवर्षी पहिल्या महिन्यात शिकवता ना?"

त्यांनी झाडाखाली गळून पडलेली दोन फुलं आणली होती. माझ्याच फळीवरची चुन्याच्या निवळीची बाटली काढून त्यांनी दोन थेंब बोटावर घेतले आणि फूल चोळलं. ते हिरवं झालं. दुसरं साध्या पाण्यानं चोळलं. ते जांभळंच राहिलं. म्हणजे घागरीत पाणी नव्हतं, चुन्याची निवळी होती. बाबानं आम्हाला चुना लावला होता, अगदी शब्दशः.

मी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. ती माझ्याच अक्षरात होती.

"मग माझा गुडघा?" मी विचारलं. माझा आवाज फारच केविलवाणा निघाला.

उत्तर घरी मिळालं. "वर्षभर मी तुला सांगतेय, रोज चालत जा, वजन उतरव," बायको म्हणाली. "गेले कित्येक दिवस तू टेकडी चढतोयस. बाबाचे आभार मान, पण चढाचे जास्त मान."

दुसऱ्या दिवशी मॅडम आणि मी गळलेली फुलं घेऊन वर गेलो. मी रांग सोडून थेट पुढं गेलो. बाबानं हसून स्वागत केलं. मी त्याची जाहिरातच होतो. मी त्याच्या घागरीत बोटं बुडवली आणि भोंग्याच्या पत्र्यावर फूल ठेवून चोळलं. ते हिरवं झालं. बाबाला विचारलं की हा भोंगा कधीपासून आजारी होता. मागं कुणीतरी हसलं. मग मॅडमनी बाटलीतल्या साध्या पाण्यानं बोटं धुऊन, रांगेतल्या पहिल्याच आजींच्या घोट्यावर दुसरं फूल चोळलं. सगळे वाकून बघत राहिले. ते जांभळंच राहिलं.

बाबा सहज हरणारा नव्हता. "पाणी राहू द्या," तो भोंग्यातून म्हणाला. "सरांचा गुडघा बरा झाला की नाही, एवढंच त्यांना विचारा."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. त्यांत माझे विद्यार्थी होते, माझं भाषण ऐकलेले लोक होते. एखादा विद्वत्तापूर्ण शब्द शोधावा असं फार वाटलं. सापडला नाही.

"झाला," मी म्हणालो. "रोज टेकडी चढून झाला. फूल हिरवं होतं ते चुन्यानं, आणि हे मला शिकवायचा पगार मिळतो. तरी मी फसलो, कारण मला बरं व्हायचं होतं. तुम्हीही त्यासाठीच आलाय, त्यात लाजायचं काही नाही."

आजींनी विचारलं की मग घोट्याचं काय करायचं. मी त्यांना बायकोच्या दवाखान्याचा पत्ता दिला.

रांग एकदम मोडली नाही. काही जण माझ्यावरच चिडले, काहींनी घागरीत स्वतः बोटं बुडवून खात्री करून घेतली, आणि तेच मला सगळ्यात आवडलं. दोन-तीन दिवसांत बाबा घागर घेऊन निघून गेला.

पायथ्याकडचा उतार उघडाच आहे. माथ्यामागच्या भेगांतली झुडपं मात्र वाचली. परवा मॅडमनी तिथं नेऊन वाळलेली बोंडं दाखवली. त्यांतलं काळं, मोहरीएवढं बी वाऱ्यानं भेगांत पडत होतं. किती रुजेल ते त्यांनाही सांगता येईना.

तेव्हा एवढंच सांगतो. चमत्कार दिसला की आधी कुणाच्या बोटांना काय लागलंय ते बघा. तेच स्वतः करून बघा, भोंग्यावर करून बघा. आणि कुणी शिकलेला माणूस मानतो म्हणून तर मुळीच मानू नका. माझंही नाही. चुन्याची निवळी कुठंही मिळते. फूल मात्र जमिनीवर पडलेलंच घ्या.