समुद्रावर नेलेला डबा

माझ्या नणंदेचे यजमान, सिद्धलिंग दाजी, इचलकरंजीत माग चालवतात आणि कुणाच्याही घरी गेले की त्या घराचे मालक होतात. त्या मे महिन्यात त्यांनी नवी सुमो घेतली, पुण्याहून तंबू आणला आणि सांगून टाकलं, "लॉजवर म्हातारी माणसं राहत्यात. आपण कॅम्पिंग करायचं." आमचे हे, महांतेश, लगेच तयार. बहिणीचा नवरा दुखवायचा कसा. मी कबूल झाले ते एवढ्यासाठीच की कुणकेश्वरला समुद्राकाठीच महादेव आहे.

सुरूच्या झाडीत लावलेला तंबू एका बाजूला कलला होता. दाजी म्हणाले, वाऱ्यासाठी मुद्दामच तसा लावलाय.

सकाळी मी देवळाजवळच्या विहिरीवर अंघोळ करून आले. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय मी पाणीही घेत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दाजींना त्याची गंमत वाटते. "वैनी, शिवाला बी आज सुट्टी द्या की." त्यांचं स्वतःचं इष्टलिंग कपाटात असतं. लग्नकार्याला अंगठ्यांबरोबर बाहेर निघतं.

येऊन बघते तर माझी सहा वर्षांची शांभवी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून उभी. शेजारी दाजींचा संगू, तिच्याहून वर्षाने लहान, आपली पाळी कधी येते म्हणून ओठ चावत.

"हे काय, दाजी?"

"पवायला शिकवतोय. मळ्यातल्या हिरीत मी असाच शिकलो. बानं वरनं ढकललं, डब्यानं धरलं, चार हात मारले की झालं."

"विहिरीत लाटा नसतात."

"वैनी, पाणी ते पाणी."

लाटा तर पार उभ्या येऊन फुटत होत्या. दोरी पोरीच्या काखेतून पाठीवर गेली होती. गाठ अशी, की तिला सोडता येऊ नये. मी यांच्याकडे पाहिलं. हे समुद्राकडे पाहत होते. "दाजींना अनुभव आहे," म्हणाले. रंकाळ्याला गेल्यावर हे स्वतः पायरी सोडून खाली उतरत नाहीत. नणंद, सौंदर्या, शेंगा सोलत बसली होती. लग्न झाल्यापासून तिला ऐकू येईनासं झालं आहे.

मला आवाज चढवता येत नाही. भांडायला लागले असते तर दाजी अजून मोठ्याने बोलले असते, आणि मोठ्याने बोलतो त्याचं खरं, असं आमच्यात मानतात. मी शांभवीजवळ बसले आणि गाठ सोडायला घेतली.

"हिची पूजा राहिलीय."

"नंतर करंल की."

"आत्ताच करेल."

मी आसन टाकलं, तिला समोर बसवलं. पूजेला बसलेल्या माणसाला उठवायचं नाही, एवढं मात्र दाजी पाळतात. एकदा त्यांनी त्यांच्या आईला पूजेतून उठवलं आणि त्याच आठवड्यात मागाच्या शेडला आग लागली. तेव्हापासून त्यांना भक्ती नाही, भीती आहे. मला तेवढी पुरत होती.

"संगू, तू पण ये."

पोरगं धावत येऊन माझ्या गुडघ्याला चिकटलं.

"त्येचं काय काम तितं?" दाजींनी विचारलं.

मी कपाळाला भस्म लावलं होतं. भस्म लावल्यावर मी बोलत नाही.

इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. घाई नव्हती. येत होती तेवढी सगळी वचनं म्हणायची ठरवलं. मागे दाजींचा आवाज वाढत गेला. "महांतेश, भितरी हाईत ही समदी. बगा, दावतो." डबा स्वतःच्या पाठीला बांधून घेतला असावा, कारण पत्र्याचा ढब ढब आवाज पाण्याकडे गेला.

"अव्वा, बघू?" शांभवीने मला विचारलं.

मी बोटाने तळहात दाखवला.

एक लाट फुटली. मग डब्याचा आवाज नाही, दाजींचाही नाही. मग यांच्या हाका, "दाजी, दाजी," आणि पाण्यातली धडपड. सौंदर्याला एकदम ऐकू आलं. ती शेंगा टाकून पळाली. डबा वर आणि डोकं खाली, असं झालं होतं म्हणे. यांनी पाय धरून ओढत आणलं.

मी नमस्कार करून इष्टलिंग गळ्यात घातलं तेव्हा दाजी वाळूत बसून खोकत होते. कानात वाळू, डबा एका अंगाने चेपलेला.

"पाणी आज वंगाळ हाय," ते म्हणाले. "पोरास्नी न्हाई सोडायचं. मी सांगतोय."

"दाजींचं बरोबर आहे," हे म्हणाले.

मी दोन्ही मुलांचे हात धरले आणि लाट जिथे संपते तिथे, घोट्याएवढ्या पाण्यात नेलं. दोघं खिदळायला लागली. थोड्या वेळाने दाजी मागून येऊन कोरड्या वाळूत उभे राहिले. पाय पुढे टाकायचा म्हणतात आणि टाकत नाहीत.

"पप्पा," संगू म्हणाला, "तुमी बी मामीचा हात धरा की."

दाजी कानातली वाळू काढायला लागले. माझे दोन्ही हात गुंतलेले होते, ते बरं झालं.